पाचशेला चार कमी

गावात बस यायला पाचशे माणसं लागतात. बसला नव्हे, नियमाला. बसचं चाळीस-पंचेचाळीस जणांत भागतं, पण नियमाचं पोट मोठं असतं, हे हेडक्लार्कांना कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत तेहतीस वर्षं काढून ते घरी बसले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना हेडक्लार्कच म्हणायचं, आणि बायको रागावली की तीही म्हणायची. एवढ्या वर्षांत आपल्या सहीखाली एकही खोटा आकडा गेला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. घाईत निघालेल्यालाही थांबवून सांगत.

तर त्यांनी वही घेतली, पायात बूट चढवले आणि घरोघर जाऊन गाव मोजलं. घरं एकशे बारा, माणसं चारशे शहाण्णव. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. तेवढीच. तिसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले तेव्हा टेलरमास्तरांनी शिवणयंत्रावरचा पाय काढला.

"हेडक्लार्क, परवा मी एकटा होतो, काल एकटा होतो, आजही एकटाच आहे. उद्या दोन झालो तर मीच येऊन सांगेन."

पाचशेला चार कमी. मनाचा मोठेपणा असलेल्या माणसानं याला पाचशेच म्हटलं असतं, पण हेडक्लार्कांचा मोठेपणा आकड्यांपाशी येऊन संपायचा. त्यांनी सहीनिशी तोच आकडा बस खात्याला कळवला, आणि उत्तर आलं, की खातरजमेसाठी अधिकारी येऊन मोजणी करतील.

आता बस नसली म्हणून काय आभाळ कोसळणार होतं? गावावर नव्हतं. गाव वर्षानुवर्षं तीन किलोमीटर चालत फाट्यावर जाऊन बस धरत आलं होतं. कोसळलं होतं ते हेडक्लार्कांच्या घरावर. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे गावाच्या काकूंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. हात सावरला, पाय मात्र रुसून बसला. शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सहा महिने, आठवड्यातून तीनदा, इथे येऊन व्यायाम. एकही खाडा नको. नेमानं आलात तर आपल्या पायांनी चालाल, नाहीतर काठी जन्माची."

काकूंना फाट्यापर्यंत नेणार कोण? तर दूधवाला. त्याच्या तीनचाकीत दुधाच्या सोळा कॅन असायच्या, सतरावी पालथी घालून त्यावर स्वतःच्या घरची गोधडी अंथरून तो काकूंना बसवायचा. व्यायाम दहाला असला तरी दूध सकाळी सहाला निघे, म्हणून काकूही सहाला निघत. रस्त्यात खड्डे होते असं म्हणणं चूक ठरेल. खड्ड्यांत अधूनमधून रस्ता होता. "माझा पाय बरा होवो न होवो," काकू म्हणायच्या, "याच्या दुधाचं लोणी मात्र फाट्यावर पोचेपर्यंत निघतंय." पण एकदा परत येताना त्या नुसत्याच कॅनचा कान धरून बसल्या होत्या, आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "अहो, डॉक्टरीणबाई जेवढं सरळ करतात तेवढं हा रस्ता परत वाकडं करतो. राहू दे आता. काठी काही वाईट नसते." त्याच दिवशी हेडक्लार्कांनी वही काढली होती.

चार माणसं कमी आहेत ही बातमी फुटली आणि गावातल्या प्रत्येक ओट्यावर एक उंटावरचा शहाणा उगवला.

टेलरमास्तर म्हणाले, "कापडात चार बोटं इकडेतिकडे धरायचीच असतात. मी तर नेहमी धरतो."

"ते तुमच्या पँटी घातल्यावर कळतं," हेडक्लार्क म्हणाले.

केशकर्तनालयवाल्याचं म्हणणं असं, की गेल्या वर्षात गावातली पाच माणसं वारली, पण ती गेली असं अजून मनाला पटतंय कुठं? मनाला पटत नाही तोवर मोजायला काय हरकत आहे? आणि शेजारच्या मावशी, ज्यांना गाव प्रेमानं बिनतारी म्हणे, कारण त्यांच्या कानात पडलेली गोष्ट त्यांच्या हातातला चहा निवायच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची, त्या तर दंड थोपटूनच पुढे आल्या. "माझ्या मोठ्या सुनेला सातवा लागलाय, धाकटीला पाचवा. दोघींना जुळी झाली की झाले तुमचे चार! जरा कळ काढा."

"मोजणी पुढच्या बुधवारी आहे, मावशी."

"मग मोठीचं बघते काही होतंय का," बिनतारी म्हणाल्या, आणि हेडक्लार्कांनी कानांवर हात ठेवले.

मार्ग शेवटी नियमातच सापडला. जिथं दुखणं तिथंच औषध, असं हेडक्लार्क मानत. मोजणीच्या नियमावलीत बारीक अक्षरात छापलं होतं, की मोजणीच्या आदल्या रात्री जो ज्या घरी झोपला, तो त्या घरचा मोजावा. हेडक्लार्कांनी ते वाक्य तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. चार पाहुणे, एक रात्र, पाचशे पूर्ण. खोटं काही नाही, लबाडी काही नाही, सगळं छापील.

त्यांनी टेलरमास्तर, दूधवाला, केशकर्तनालयवाला आणि बिनतारी अशा चौघांना घरी बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मंगळवारी प्रत्येकानं एक पाहुणा मुक्कामाला बोलवायचा. एकच. आणि यातलं बाहेर कुणाला कळता कामा नये." बिनतारींना समोर बसवून हे वाक्य बोलणारा माणूस तेहतीस वर्षं नोकरी करून पेन्शनीत निघाला होता, यावर विश्वास बसत नाही, पण तसं झालं खरं.

बरं, नुसतं कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. या गावाची खोड वेगळीच. कुणाकडं काही काम निघालं की इथला प्रत्येक जण मनाशी म्हणतो, शेजाऱ्याचं काही खरं नाही, आपलं आपण जरा जास्तीच करून ठेवावं. बारशाला एक पातेलं मागितलं की सात येतात. त्यामुळं एकशे बारा घरांनी, एकमेकांना न विचारता, एकमेकांवर भरवसा न ठेवता, काकूंच्या पायासाठी पाहुणे बोलावले. कुणी चार, कुणी सहा. टेलरमास्तरांनी, जे परवा एकटे होते, काल एकटे होते, त्यांनी आपले तीन भाऊ, तीन भावजया आणि नऊ वर्षं अबोला धरून बसलेला मेव्हणा बोलावला.

मंगळवारी दुपारपासून फाट्याकडून माणसांची रांग लागली. कुणी चालत, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी दूधवाल्याच्या तीनचाकीत बसून. आत्या आल्या, मामा आले, साडू आले, व्याही आले. जो तो चप्पल हातात घेऊन, कमरेवर हात ठेवून यजमानाला एकच विचारत होता, "अरे, तुमच्या गावाला बस नाही?" प्रत्येक यजमान म्हणे, "त्याच्यासाठीच तर बोलावलंय." गावातल्या गाद्या संपल्या, उशा संपल्या, शाळेच्या सतरंज्या आल्या. हेडक्लार्क खिडकीतून पाहत होते. सवयीनं त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेनंतर डोळे मिटून घेतले.

बुधवारी सकाळी मोजणी अधिकारी बाई आल्या. फाट्यावर बसनं उतरून, तीन किलोमीटर चालत. काटकुळ्या, चष्मेवाल्या, काखेत फाईल. हेडक्लार्कांनी पाहताक्षणी ओळखलं, हा आपल्याच जातकुळीचा जीव. बाईंनी पाणीसुद्धा अर्धा पेला घेतलं आणि अर्धा का नको ते सांगितलं. मग हेडक्लार्कांना मदतनीस म्हणून बरोबर घेऊन त्या दारोदार फिरल्या. एका घरात तर पाहुणे रांगेत आंघोळीला उभे होते आणि यजमान घराबाहेर, कारण आत जागा नव्हती.

दुपारी एक वाजता शाळेच्या ओट्यावर बाईंनी बेरीज मांडली. एक हजार एकशे त्रेचाळीस.

गावानं टाळ्या वाजवल्या! पाचशे मागितले होते, अकराशे त्रेचाळीस दिले. टेलरमास्तरांनी नऊ वर्षं न बोललेल्या मेव्हण्याला मिठी मारली.

बाईंनी टाळ्या संपू दिल्या, मग नियमावलीचं पान उलटलं. "हजारापर्यंत गाव. हजाराच्या वर लहान शहर. तुमची फाईल आमच्याकडं येतच नाही. ती शहर विभागाकडं जाईल. शहराला बस हवी तर आधी छपराचं स्थानक, दोन नळ, तीन स्वच्छतागृहं आणि एक चालणारं घड्याळ. ते बांधल्यावर अर्ज. साधारण चार-पाच वर्षं धरा."

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. "एकशे त्रेचाळीस कमी करा!" बिनतारी ओरडल्या. पण कुणाचे? प्रत्येकाचं म्हणणं शेजाऱ्याचे. "तुमचा साडू काढा." "माझा साडू का म्हणून? तुमच्या आत्याबाई सकाळपासून तिसऱ्यांदा जेवल्यात!" टेलरमास्तरांनी मेव्हण्याकडं नुसतं पाहिलं तर मेव्हणा म्हणाला, "बघा! वाटलंच होतं मला," आणि पुढच्या नऊ वर्षांचा अबोला तिथंच सुरू झाला.

बाई शांतपणे हेडक्लार्कांकडं वळल्या. "मागच्या महिन्यात तुम्हीच सहीनिशी चारशे शहाण्णव कळवले होते. एका महिन्यात सहाशे सत्तेचाळीस वाढले. गावात दवाखाना तर दिसत नाही."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोर ती पालथी कॅन आली आणि तिचा कान धरून बसलेली बायको. त्यांना नुसतं म्हणायचं होतं, नियमानं झोपले होते, बाई. छापील नियम होता. पण तोंडातून निघालं ते असं, "सगळे पाहुणे आहेत. युक्ती माझी. गावाचा दोष नाही. आमचा खरा आकडा चारशे शहाण्णव." आणि त्यांनी सही केली. बाईंनी त्या सहीच्या पुढं 'अपात्र' असा शिक्का मारला.

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. सचोटीचा माणूस म्हणून गावात असलेलं नाव लबाडी करून घालवलं, आणि खरं बोलून बसही घालवली. मान खाली घालून ते घरी आले. काकू तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या. सकाळची त्यांची व्यायामाची वेळ चुकली होती, कारण सगळं दूध पाहुण्यांच्या चहातच संपलं आणि तीनचाकी सहाला निघालीच नाही. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मिनतवारीनं संध्याकाळची वेळ दिली होती. हेडक्लार्कांनी त्यांना सगळं सांगितलं.

काकू हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "चार कमी होते म्हणून सहाशे सत्तेचाळीस आणलेत? अहो, आपल्या लग्नाला एवढी माणसं नव्हती!" मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण पाणी थांबेना. "माझ्या एका पायासाठी एवढी माणसं तीन किलोमीटर चालली होय हो?"

हेडक्लार्कांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. सकाळपासून ते गावावर चिडले होते, की सांगितलं एक आणि केलं भलतंच. आता त्यांना कळलं, की आपण फक्त बेरीज पाहिली. ते उगाचच चष्मा पुसत बसले.

इकडे फाट्यावर दुसराच तमाशा. पाहुणे परतायला निघाले होते. सहाशे सत्तेचाळीस माणसं, बोचकी, पिशव्या, मधोमध मोजणी अधिकारी बाई. दोनची बस आली, गर्दी पाहून ड्रायव्हरनं वेग वाढवला आणि निघून गेला. तीनचीही तशीच गेली. बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला होता. उन्हात उभं राहून त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता, आणि त्या नियमानं रांगेत एकशे नव्वदाव्या होत्या.

तेवढ्यात दूधवाल्याची तीनचाकी आली. काकू उतरल्या, म्हणजे दोघांनी धरून उतरवल्या, आणि रस्त्याकडेला पालथ्या कॅनवर बसल्या. बाईंकडं पाहून त्यांनी दूधवाल्याला दुसरी कॅन पालथी घालायला सांगितली. "बसा हो ताई. गोधडीचा हा कोपरा घ्या, नाहीतर कडा रुतते. मला सवय झालीय."

बाई बसल्या. "तुम्ही कुणाकडं पाहुण्या?"

"मी इथलीच. त्या चारशे शहाण्णवांतली."

"मग कुठं निघालात?"

"दवाखान्यात. आठवड्यातून तीनदा अशीच जाते." काकूंना ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं, त्यामुळं त्या मोकळेपणानं बोलत राहिल्या. "आमचे हे बसच्या मागं लागलेत. आज कुणी अधिकारीण आली होती म्हणे. तिच्यापुढं आपणहून खरं सांगून बसले. तिला तरी काय बोल लावायचा? नियम तिनं थोडाच केलाय. आता तीही बिचारी बिनबसची अडकली असेल कुठंतरी."

बाईंनी फाईल उघडली आणि परत मिटली. मग त्यांनी फोन काढला आणि बस आगाराच्या साहेबांना असं काही झाडलं, की त्यांचा आवाज रांगेतल्या शंभराव्या माणसाला ऐकू गेला. तासाभरात अकरा बस आल्या. फाट्यावर वळायला जागा नव्हती, म्हणून त्या एकामागून एक सरळ गावात गेल्या आणि शाळेच्या मैदानात गोल फिरून परत आल्या. गाव घराबाहेर येऊन आ वासून पाहत राहिलं. पहिल्या बसमध्ये बाईंनी काकूंना खिडकीशी बसवलं, फाईल मांडीवर उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहीत राहिल्या.

बावीस दिवसांनी पत्र आलं. हेडक्लार्कांनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं. "लोकसंख्येच्या निकषावर गाव अपात्र आहे. परंतु फाट्यावर एकाच दिवशी सहाशेहून अधिक प्रवासी प्रत्यक्ष आढळल्यानं, तसंच गावात बस वळू शकते हे सिद्ध झाल्यानं, तीन महिन्यांसाठी प्रायोगिक फेरी मंजूर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेआठ. रोज किमान तीस प्रवासी नसल्यास फेरी बंद करण्यात येईल." वार त्यांनी दोनदा वाचले. ते व्यायामाचेच वार होते. त्यांनी बाईंना आभाराचं पत्र लिहायला घेतलं. आयुष्यभर 'महोदय, कळविण्यात येते की' लिहिणाऱ्या माणसाला आभार कसे मानतात ते ठाऊक नव्हतं. सात कागद फाडले. आठव्यावर एवढंच लिहिलं, "ताई, देव तुमचं भलं करो," आणि खाली सवयीनं 'आपला विश्वासू'.

पण तीस प्रवासी! सोमवारी सकाळी साडेआठला या गावातून शहरात जाणार कोण? ज्याचं त्याचं काम गावात. रविवारभर हेडक्लार्कांना अन्न गोड लागेना. या वेळी मात्र ते कुणाला काही बोलले नाहीत. गावानं आधीच फार केलं होतं, आणि कुठल्या तोंडानं पुन्हा मागायचं?

सोमवारी काकूंना हात देऊन ते शाळेच्या मैदानाशी आले, तर तिथं ही गर्दी. टेलरमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "दोरा संपलाय." केशकर्तनालयवाला म्हणाला, "केस कापायला चाललोय." "तुम्ही? शहरात?" "स्वतःचे स्वतःला कापता येतात होय?" दूधवाल्यानं तर दूध भावावर सोपवलं होतं, त्याला म्हणे कॅनच्या झाकणाचा भाव काढायचा होता. बिनतारी दोन्ही सुनांना घेऊन आल्या होत्या आणि कारण सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "मला बसायचंय बसमध्ये. बस्स."

बस शहरात पोचली. काकू दवाखान्यापाशी उतरल्या. त्यांच्या मागं हेडक्लार्क उतरले, त्यांच्या मागं टेलरमास्तर, मग केशकर्तनालयवाला, मग सगळेच. कारण खरं काम कुणालाच नव्हतं, परतीची बस एकला होती, आणि दवाखान्यात बाकं आणि पंखे होते.

व्यायामाच्या खोलीत काकू दोन दांड्यांच्या मधे उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्या हादरे न खाता आल्या होत्या. त्यांनी उजवा पाय उचलला आणि पुढं टाकला. दारातून, खिडकीतून, एकमेकांच्या खांद्यांवरून गाव मोजायला लागलं. "एक! दोन! तीन!" डॉक्टरीणबाईंनी दटावलं तर आवाज खाली आला, पण मोजणी थांबली नाही. "अकरा! बारा!" बाराव्या पावलाला काकूंनी दांड्यांवरचे हात सोडले, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, आणि मग कुणालाच पुढचा आकडा बोलता येईना.

बाहेर नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस वैतागला होता. त्यानं हेडक्लार्कांपुढं रजिस्टर सरकवलं. "हा एवढा जमाव कोणाबरोबर आलाय? आमच्याकडं फक्त रुग्णाच्या नातेवाइकांना आत बसू देतात. किती नातेवाईक ते इथं लिहा, आणि खाली सही करा. खरा आकडा लिहा हं, साहेब तपासतात."

हेडक्लार्कांनी चष्मा नीट केला. वळून एकदा सगळ्यांकडं पाहिलं, ओठांतल्या ओठांत मोजलं. मग त्या रकान्यात स्वच्छ, ठसठशीत अक्षरात 'एकेचाळीस' लिहिलं आणि खाली सही केली.